एकास बारा : स्विस मतपेटीतली विषमता

थॉमस मेकॉले हे नाव आपल्याकडे १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणापुरतेच ठाऊक असते, आणि बहुधा शिव्या घालण्यासाठीच काढले जाते. त्याच मेकॉलेने ३ मे १८४२ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केलेल्या एका भाषणाची आठवण मात्र सहसा कुणी काढत नाही. चार्टिस्ट चळवळीने ३० लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज सभागृहापुढे आणला होता. त्यातली मुख्य मागणी होती, प्रत्येक प्रौढ पुरुषाला मताचा हक्क. मेकॉलेने तिला कडाडून विरोध केला. मालमत्तेची सुरक्षितता हा संस्कृतीचा पाया आहे आणि ज्यांच्याकडे मालमत्ताच नाही अशा बहुसंख्यांच्या हाती सत्ता गेली, तर ते ती लुटल्याशिवाय राहणार नाहीत, असा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता.

पुढे १९८१ मध्ये ॲलन मेल्ट्झर आणि स्कॉट रिचर्ड या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी हाच विचार गणितात मांडला. सर्व मतदारांना उत्पन्नाच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचे उत्पन्न सरासरीपेक्षा कमी भरते, कारण सरासरी वर ओढणारे थोडे अतिश्रीमंत रांगेच्या टोकाला असतात. या मधल्या माणसाला श्रीमंतांवर कर बसवून तो सर्वांत वाटण्यात फायदा दिसतो. म्हणून विषमता जितकी जास्त, तितके बहुमत पुनर्वाटपाकडे झुकायला हवे. मेकॉलेला ज्याची धास्ती होती, त्याचीच डाव्या विचारांच्या माणसांना आशा होती. मलाही ती होती. अर्थशास्त्र मी कुठल्या वर्गात बसून शिकलेलो नाही. या एका प्रश्नाच्या मागे लागून जेवढे वाचता आले तेवढेच माझे शिक्षण. तेव्हा पुढचे लिखाण म्हणजे एका आशेची तपासणी आहे, असे समजावे.

गेल्या चाळीस वर्षांतला युरोप या तर्काप्रमाणे वागलेला नाही. १९९० मध्ये ओईसीडीच्या सदस्य देशांपैकी १२ देशांत व्यक्तीच्या निव्वळ संपत्तीवर वार्षिक कर होता. २०१७ पर्यंत असे देश चार उरले. जर्मनीत हा कर १९९७ पासून आकारला जात नाही. स्वीडनने वारसा कर रद्द केला, तो सोशल डेमोक्रॅट पक्षाचे सरकार असताना, आणि २००७ मध्ये संपत्ती करही गेला. फ्रान्समध्ये मॅक्राँ यांनी २०१८ मध्ये संपत्ती कर केवळ स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. त्याच वर्षाच्या अखेरीस इंधन करावरून पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले, तेव्हा गेलेला संपत्ती कर परत आणा ही मागणी चौकाचौकांत ऐकू येऊ लागली. दुसरीकडे, युरोपभरच्या जनमत चाचण्यांत वर्षानुवर्षे बहुसंख्य लोक सांगत आले आहेत की देशातली उत्पन्नाची दरी फार मोठी आहे.

या विसंगतीचे एक सोपे स्पष्टीकरण माझ्याकडे बराच काळ तयार होते. लोकांना विचारतो कोण? खासदार निवडून आले की धनिकांचे ऐकतात. लोकांपुढे प्रश्न थेट ठेवला असता तर निकाल वेगळा लागला असता. मग लक्षात आले की हा प्रश्न लोकांपुढे थेट, नावानिशी आणि पुन्हापुन्हा ठेवणारा एक देश युरोपच्या मध्यभागीच आहे.

स्वित्झर्लंड म्हटले की आपल्याला हिंदी सिनेमातली बर्फाळ गाणी आठवतात, नाहीतर बँकांतला काळा पैसा. पण वर्षातून चार वेळा तिथल्या प्रत्येक मतदाराच्या घरी एक जाडसर पाकीट येते. त्यात मतपत्रिका असतात आणि एक पुस्तिका असते. पुस्तिकेत प्रश्न काय, सरकारचे मत काय आणि प्रस्ताव आणणाऱ्यांचे म्हणणे काय, हे सगळे दिलेले असते. बहुतेक लोक मत टपालानेच पाठवतात. १८९१ पासून तिथल्या नागरिकांना राज्यघटनेच्या कलमात दुरुस्ती सुचवण्याचा हक्क आहे. आज त्यासाठी १८ महिन्यांत १ लाख सह्या गोळा कराव्या लागतात. याला मी इथे जनप्रस्ताव म्हणेन. तो मंजूर व्हायला देशभरातल्या मतांचे बहुमत लागते आणि शिवाय कँटनांचेही, म्हणजे तिथल्या घटक राज्यांचे.

मेकॉलेची भीती खरी ठरायची तर ती इथे ठरायला हवी होती. ३ डिसेंबर १९२२ रोजी तशी वेळही आली. पहिल्या महायुद्धाने श्रीमंत आणखी श्रीमंत झाले होते, कामगार महागाईत भरडले गेले होते आणि १९१८ च्या नोव्हेंबरात सुमारे अडीच लाख कामगारांनी देशव्यापी संप करून पाहिला होता. त्या पार्श्वभूमीवर सोशल डेमोक्रॅटांनी मोठ्या संपत्तीवर एकदाच कर बसवून सामाजिक कामांसाठी पैसा उभारण्याचा जनप्रस्ताव आणला. मतदान झाले ८६ टक्क्यांहून अधिक, आजवरचे तिथले सर्वाधिक. आणि प्रस्तावाच्या विरोधात पडली ८७ टक्के मते. मतदार फक्त पुरुष होते हे खरे, कारण बायकांना संघराज्याच्या पातळीवर मताचा हक्क तिथे १९७१ मध्ये मिळाला. पण त्या पुरुषांतले बहुसंख्य काही संपत्तीवाले नव्हते.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटले होते.

आता अलीकडचा काळ. २००१ च्या शरदात स्विसएअरची विमाने पैशाअभावी जमिनीवर उभी राहिली. कंपनी सावरायला आलेल्या मारिओ कोर्ती यांना पाच वर्षांचा पगार, १ कोटी २५ लाख फ्रँक, आगाऊ दिला गेला होता, हे लोकांना कळले तेव्हा देश खवळला. शाफहाउझेन कँटनातला टोमास मिंडर हा एक छोटा कारखानदार, दात आणि तोंडाच्या निगेची उत्पादने बनवणारा. स्विसएअर त्याच्या फर्मचे गिऱ्हाईक होते. त्याने वरिष्ठांच्या लुटीविरुद्ध जनप्रस्ताव उभा केला. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांत संचालकांच्या मोबदल्यावर भागधारकांचे बंधनकारक मत, आणि नोकरीत शिरताना किंवा सोडताना मिळणाऱ्या घबाडावर बंदी, अशी त्याची कलमे होती. मिंडर डावा नव्हता. पुढे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात तो उजव्या पक्षाच्या गटात बसला. उद्योजकांच्या मुख्य संघटनेने त्याच्याविरुद्ध पाण्यासारखा पैसा ओतला. मतदानाला दोन-तीन आठवडे उरले असताना बातमी फुटली की नोव्हार्टिसचे मावळते अध्यक्ष डॅनिएल वासेला यांना प्रतिस्पर्धी कंपनीकडे न जाण्याबद्दल ७ कोटी २० लाख फ्रँकपर्यंत रक्कम मिळणार आहे. त्यांनी ती घाईघाईने सोडली, पण उशीर झाला होता. ३ मार्च २०१३ रोजी प्रस्तावाला ६८ टक्के मते पडली. एकही कँटन विरोधात गेला नाही.

युरोपभरच्या वर्तमानपत्रांनी लिहिले, बघा, बँकांच्या देशात लोक उठले. तरुण सोशलिस्टांनाही तसेच वाटले. त्यांचा स्वतःचा जनप्रस्ताव रांगेत होता : एकास बारा. एका कंपनीत सर्वाधिक पगार सर्वांत कमी पगाराच्या बारापटीहून जास्त नसावा. म्हणजे साहेबाने एका महिन्यात जे मिळवावे, त्याहून कमी कुणालाही वर्षभरात मिळू नये. तेव्हा मोठ्या औषध कंपन्यांत हे प्रमाण दोनशेपटीच्या पुढे होते. इतका सुटसुटीत, शाळेतल्या मुलाला समजेल असा प्रश्न विषमतेबद्दल युरोपात क्वचितच कुणी विचारला असेल. २४ नोव्हेंबर २०१३ रोजी, मिंडरच्या विजयानंतर नऊ महिन्यांच्या आत, त्याच मतदारांनी तो ६५ टक्क्यांनी फेटाळला. सगळ्या कँटनांनी.

नंतर रांगच लागली. मे २०१४ मध्ये ताशी २२ फ्रँक किमान वेतनाला ७६ टक्के विरोध. जून २०१५ मध्ये २० लाख फ्रँकवरच्या वारशावर २० टक्के कर बसवून त्यातला दोन तृतीयांश वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला द्यायचा प्रस्ताव, ७१ टक्के विरोध. जून २०१६ मध्ये प्रत्येकाला बिनशर्त मूलभूत उत्पन्न, ७७ टक्के विरोध. सप्टेंबर २०२१ मध्ये भांडवली उत्पन्नावर जास्त कर, ६५ टक्के विरोध. नोव्हेंबर २०२५ मध्ये ५ कोटी फ्रँकवरच्या वारशावर ५० टक्के कर, ७८ टक्के विरोध. यातला शेवटचा कर लाखातल्या काहींनाच लागू झाला असता.

प्रचारात पैसा बोलतो, हे पहिले उत्तर. ते खोटे नाही. मोहिमांचा पैसा उघड करण्याचा नियमही तिथे अगदी अलीकडे आला. पण मिंडरविरुद्ध हाच पैसा हरला होता, म्हणून हे उत्तर मला पुरत नाही. लोकांना स्वतःचे हित कळत नाही, हे दुसरे उत्तर. ते तर माझ्या मते आळशी माणसाचे उत्तर आहे. वर्षातून चारदा पुस्तिका वाचून, एकाच दिवशी एका प्रश्नाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणारा मतदार अडाणी म्हणून मोडीत काढता येत नाही.

मला पटत गेले ते वेगळे. ज्याला अर्थशास्त्री विषमता म्हणतात तिच्यावर मतदार मत देतच नाही. त्याच्यासमोर असते ती एक विशिष्ट तरतूद. तिच्याबद्दल तो दोन गोष्टी विचारतो : यात कुणी न कमावलेले घेतो आहे का? आणि याचा धक्का मला बसेल का? वासेलांची रक्कम काम न करण्याबद्दलची होती; तिथे चीड एका क्षणात तयार झाली. पण दोनशेपट पगार म्हणजे चोरीच, असे त्याला वाटेलच असे नाही. तो मोठा आहे, एवढेच. आणि २०१५ च्या वारसा कराच्या वेळी, ज्यांच्या नावावर २० लाख कधी होणार नव्हते अशांनाही आपल्या घराची, बापाच्या दुकानाची काळजी वाटली. त्या प्रस्तावात २०१२ पासूनची बक्षीसपत्रे मागाहून हिशेबात धरायचे एक कलम होते. त्यामुळे २०११ च्या डिसेंबरात मुलांच्या नावे घरे करून देण्यासाठी नोटरींच्या दारात झुंबड उडाली होती. लेकरांसाठी ठेवलेले सरकार काढून घेणार, ही भावना रकमेची मर्यादा वाचत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर स्विस माणूस मुळातच सनातनी, असे म्हणून मोकळा झालो असतो. पण त्याच देशात अशी एक यंत्रणा आहे जी श्रीमंतांकडून गरिबांकडे पैसा नेते, आणि ती त्याच मतदारांच्या संमतीने उभी आहे. तिचे नाव एएचव्ही, म्हणजे वृद्ध आणि मागे राहिलेल्यांचा विमा. १९१८ च्या संपकऱ्यांच्या मागण्यांत ती होती, १९३१ मध्ये मतदारांनी तिचा कायदा पाडला होता आणि ६ जुलै १९४७ रोजी तब्बल ८० टक्क्यांनी तो मंजूर केला.

तिचे गणित पाहण्यासारखे आहे. वर्गणी पगाराच्या ८.७ टक्के, निम्मी नोकराची, निम्मी मालकाची. पगार कितीही असो, वर्गणीला वरची मर्यादा नाही. निवृत्तिवेतनाला मात्र आहे. पूर्ण वर्षे वर्गणी भरलेल्याला २०२५ च्या दराने महिन्याला किमान १२६० आणि कमाल २५२० फ्रँक मिळतात. आता वर्षाला १ कोटी फ्रँक पगार घेणारा माणूस घ्या. त्याच्या नावाने दर वर्षी ८ लाख ७० हजार फ्रँक जमा होतात आणि म्हातारपणी त्याला वर्षाला मिळतात सुमारे ३० हजार. आयुष्यभर सरासरी ९० हजारांच्या आसपास मिळवणाऱ्या माणसाला मिळतात तेवढेच. बाकीचे कुणाकडे जातात हे सांगायला नको. टक्केवारीत पाहिले तर हा अतिश्रीमंत पगारांवरचा करच आहे. कोट्यधीशांना एएचव्हीची गरज नाही, पण एएचव्हीला कोट्यधीशांची आहे, अशा अर्थाचे एक वचन तिथे हान्स-पेटर चुडी या जुन्या समाजवादी मंत्र्याच्या नावावर चालते.

हे कुणी लपवलेले नाही. तरीही त्याला कर म्हटले जात नाही. तो विमा आहे, मी भरतो आणि मला मिळतो. देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, अशी रेघ त्यात दिसत नाही. गंमत अशी की एकास बाराच्या वेळी विरोधकांचे एक प्रभावी अस्त्र हेच होते : वरचे पगार कापले तर एएचव्हीची वर्गणी घटेल आणि तुमच्या म्हाताऱ्या आईचे निवृत्तिवेतन अडचणीत येईल. म्हणजे समतेच्या सर्वांत मोठ्या यंत्राला चालवणारे इंधन म्हणून विषमतेचा बचाव झाला. युक्तिवाद धूर्त होता, पण हिशेबाच्या दृष्टीने तो अगदीच पोकळ नव्हता, हे कबूल करायला हवे.

सप्टेंबर २०१६ मध्ये कामगार संघटनांनी हे निवृत्तिवेतन १० टक्क्यांनी वाढवण्याचा जनप्रस्ताव आणला. ५९ टक्के मतदारांनी तो नाकारला. आठ वर्षांनी त्याच संघटनांनी जवळजवळ तीच मागणी पुन्हा आणली, या वेळी वर्षाला एक जादा हप्ता, म्हणजे ८.३ टक्के वाढ. नाव ठेवले तेरावे निवृत्तिवेतन. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक नोकरदारांना डिसेंबरात तेरावा पगार मिळतो. आपल्याकडे दिवाळीच्या बोनसची जशी वाट पाहतात तशी त्याची वाट पाहिली जाते. नोकरीत असताना तेरावा, मग निवृत्त झाल्यावर का नाही? हा प्रश्न कुणालाही समजावून सांगावा लागला नाही. मधल्या काळात भाडी आणि आरोग्यविम्याचे हप्ते चढले होते. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विस ही बँक बुडू नये म्हणून सरकारने अब्जावधींची हमी देताना कुणाला विचारले नव्हते. सरकार, संसदेतले बहुमत आणि उद्योजक सगळे विरोधात होते. पाच माजी मंत्र्यांनी प्रस्ताव फेटाळा म्हणून पत्र काढले, आणि त्या मंत्र्यांना स्वतःला केवढे निवृत्तिवेतन मिळते याची चर्चा मग प्रत्येक टेबलावर झाली. ३ मार्च २०२४ रोजी, मिंडरच्या विजयाला बरोबर अकरा वर्षे होताना, ५८ टक्के मतदारांनी होकार दिला. निवृत्तीचे वय वाढवण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी ७५ टक्क्यांनी पडला.

हा समतेचा विजय होता का? मी ताबडतोब हो म्हणणार नाही. पहिला जादा हप्ता डिसेंबर २०२६ चा, आणि तो गरजूंइतकाच श्रीमंत म्हाताऱ्यांनाही मिळणार. पैसा कुठून आणायचा हे प्रस्तावात नव्हते. सरकारने मूल्यवर्धित कर वाढवण्याची वाट सुचवली, आणि तो कर दुकानात जाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून जातो.

बहुमताच्या मर्यादा दाखवणारी एक उलटी गोष्टही सांगायला हवी. ओबवाल्डेन हा डोंगराळ, छोटासा कँटन. डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या मतदारांनी ८६ टक्के मतांनी असा करकायदा मंजूर केला की ३ लाख फ्रँकच्या वर उत्पन्न गेले की कराचा दर चक्क कमी होत जाईल. श्रीमंत लोक इकडे राहायला येतील, तिजोरी भरेल, हा सरळ हिशेब होता. शेजारचे कँटन हाच खेळ वर्षानुवर्षे खेळत होते. जून २००७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण राज्यघटनेप्रमाणे कर ऐपतीनुसार असायला हवा. समतेचे तत्त्व तिथे बहुमताविरुद्ध न्यायाधीशांनी राखले. आणि याच देशात सव्वीसही कँटनांत व्यक्तीच्या निव्वळ संपत्तीवर दर वर्षी कर आहे, जो बाकी युरोपात जवळपास संपला. जुना आहे, सवयीचा आहे, म्हणून कुणी हलवत नाही. तो असूनही करपात्र संपत्तीपैकी ४० टक्क्यांहून अधिक वरच्या एक टक्क्याच्या हाती आहे. मात्र यात लोकांच्या निवृत्तिनिधीतली साठवण धरलेली नाही, हे लक्षात घ्यावे.

आतापर्यंत मी मतदार, मतदार म्हणत आलो. तिथे कायम राहणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक परदेशी नागरिक आहेत. त्यांना देशाच्या मतदानात मत नाही. हॉटेलात, बांधकामावर, साफसफाईत, म्हणजे कमी पगाराच्या कामांत, त्यांचा वाटा मोठा आहे. मधला माणूस शोधणारे ते गणित सगळ्यांना रांगेत उभे करते. इथे रांगेचा तळच कापलेला आहे. किमान वेतन पहिल्यांदा मंजूर केले ते न्यूशातेल कँटनाने २०११ मध्ये, पाठोपाठ जुराने २०१३ मध्ये. परदेशी रहिवाशांना कँटनाच्या पातळीवर मत देणारे कँटनही हेच दोन, जुरामध्ये घटनादुरुस्तीचे प्रश्न वगळून. दोन्ही फ्रेंच भाषिक आहेत, घड्याळांच्या कारखान्यांचे आहेत, डावीकडे झुकलेले आहेत. तेव्हा परदेशी मतांनीच निकाल फिरला असा दावा मी करत नाही. पण हा योगायोग दिसल्यापासून ६५ टक्के, ७६ टक्के हे आकडे मी पूर्वीसारखे वाचू शकत नाही.

जिनिव्हाने किमान वेतन २०११ मध्ये कँटनाच्या मतदानात आणि २०१४ मध्ये देशाच्या मतदानात नाकारले होते. २०२० च्या वसंतात टाळेबंदी आली. घरकाम करणाऱ्या, हॉटेलात राबणाऱ्या लोकांची कामे एका आठवड्यात गेली. व्हर्नेच्या आइस हॉकीच्या मैदानापाशी दर शनिवारी शिध्याच्या पिशव्या वाटल्या जाऊ लागल्या. पास्ता, तांदूळ, तेल अशा वस्तूंच्या, साधारण २० फ्रँकच्या एका पिशवीसाठी पहाटेपासून लोक उभे राहत, आणि रांग किलोमीटरभर जाई. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकात ही रांग लागलेली सगळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला जिनिव्हाच्या मतदारांनी ताशी २३ फ्रँक किमान वेतन ५८ टक्क्यांनी मंजूर केले. व्हर्नेच्या रांगेतले पुष्कळजण कागदपत्रांविना तिथे राहणारे होते, आणखी कितीतरी परदेशी नागरिक होते. मतदानाचे पाकीट त्यांच्या घरी आले नव्हते.